परक्याचें नांव

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून जखमी चिनी सैनिकांच्या शुश्रूषेस्तव चीन देशीं गेले. इतर चौघे पुढें स्वदेशीं परतले. हे तेथेंच राहिले. नुसतें औषध देणें निराळें, रोग्याचें दुःख त्याच्याच भाषेंत ऐकणें निराळें. म्हणून त्यांनीं चिनी भाषा आत्मसात केली. ज्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्यास नांवही परक्याचेंच होतें! कॅनडाचे डॉ. बेथ्यून १९३९ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळीं बोटास झालेल्या जखमेंतून विष भिनून तेथें वारले होते. कोटणीसांनीं चिनी परिचारिकेशीं विवाह केला; पुत्राचें नांव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. तो तान्हा असतांच, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं कोटणीस निवर्तले. शिजियाझुआंग येथें दोघांही डॉक्टरांच्या समाध्या आहेत.