घटपर्णीचे बीजारोपण

मेघालयातील गारो, खासी व जयंतिया टेकड्यांच्या नत्रदरिद्री मृत्तिकेत, पानाच्या टोकाचाच घट करून कीटकांपासून पोषण मिळविणारी जी घटपर्णी वाढते, तिचे बीज घरी रुजवू इच्छिणाऱ्याने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, नर व मादी फुले भिन्न रोपांवर येत असल्याने एकाकी रोपापासून बीजप्राप्ती संभवत नाही. सुतासारखे ते बारीक बी लवकर निर्जीव होत असल्यामुळे, ताजे असतानाच ओल्या स्फॅग्नम शेवाळावर, वरून न झाकता, पसरावे, आर्द्रता व प्रकाश अखंड राखावा आणि क्षारयुक्त पाण्याऐवजी पर्जन्यजलच घालावे. अंकुरास आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. तथापि, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही वनस्पती संरक्षित असल्याने रानातून रोप उपटण्यास सक्त मनाई असून, लागवडीसही सरकारी परवाना लागतो. तेव्हा दप्तरी सोपस्कार आधी, कुंडी नंतर.