गळपट्टा, बिल्ला आणि रांजण

रोम शहरांत डायोक्लेशन बादशहाच्या स्नानगृहांचे प्राचीन अवशेष आहेत. तेथील संग्रहालयांत लोखंडाचें एक कडें जपून ठेविलेलें आहे. तें हातांत घालावयाचें नव्हे, गळ्यांत घालावयाचें. आणि त्यास ब्राँझची एक चकती अडकविलेली आहे. ख्रिस्ती शकाच्या चौथ्या-पांचव्या शतकांतील ही वस्तु. चकतीवर लॅटिन भाषेंत मजकूर कोरला आहे, त्याचा आशय असा : ‘मी पळून आलों आहें, मला धरा. माझे धनी झोनिनस यांच्याकडे मला परत पोंचवाल तर एक सुवर्णनाणें मिळेल.’ असे गळपट्टे व त्यांच्या चकत्या मिळून चाळीसांहून अधिक वस्तु आज उपलब्ध आहेत. कुत्र्याच्या पट्ट्यावर धन्याचा पत्ता असतो, त्याची आठवण कोणासहि होईल. मला मात्र त्या मजकुरांतील ‘मी’ हा शब्द फार खटकतो. बोलणारा धनी, पैसे देणारा धनी, आणि वाक्य मात्र गुलामाच्या तोंडीं! तीं अक्षरें त्याच्या स्वतःच्या हनुवटीखालीं होतीं. जगाला दिसत आणि त्याला दिसत नसत.

गुलामांचीं चित्रें आणि मूर्ति यांस जगांत तोटा नाहीं. इजिप्तच्या देवळांच्या भिंतींवर दोरखंडांनीं जखडलेल्या बंदिवानांच्या रांगाच्या रांगा कोरलेल्या आहेत. त्या सर्वांची जंत्री देऊन वाचकांस शिणविण्याचा माझा विचार नाहीं. गुलामाच्या नांवानें जेथें कोणीतरी ‘मी’ म्हटलें आहे अशा आणखी दोन-तीन वस्तूंची आणि त्यांच्या अनुषंगानें कांहीं चित्रांची व पुतळ्यांची येथें ओळख करून द्यावयाची आहे.

यांपैकीं दुसरी वस्तु पाहण्यासाठीं रोम सोडून अठराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडांत जावें लागेल. लिव्हरपूल, ब्रिस्टल, लंडन येथील जहाजें त्या काळीं पश्चिम आफ्रिकेंतून माणसें भरून वेस्ट इंडीज बेटांतील उंसाच्या मळ्यांवर नेऊन विकीत. युरोपीय राष्ट्रांच्या एकंदर अटलांटिक व्यापारांत सुमारें सव्वा कोटि माणसें जहाजांवर चढविलीं गेलीं व त्यांपैकीं सुमारें एक कोटि सात लक्ष जिवंत उतरलीं, असें इतिहाससंशोधकांचें अनुमान आहे. या व्यापाराविरुद्ध १७८७ च्या मे महिन्यांत लंडन येथें एक मंडळी स्थापन झाली. जोसाया वेजवूड हा तिचा एक पुढारी. हा स्टॅफर्डशायरमधील नामांकित कुंभार. इंग्लंडच्या राणीच्या घरीं याच्या कारखान्याचीं भांडीं जात असत. (चार्ल्स डार्विन हा याच्याच मुलीचा मुलगा.) मंडळीसाठीं त्यानें जॅस्पर नांवाच्या तलम व कठीण मातीचा एक बिल्ला तयार करविला. बिल्ला जेमतेम सव्वा इंच लांब. पांढुरक्या भूमीवर उठावाची काळी आकृति. एक आफ्रिकन मनुष्य एक गुडघा टेकून बसला आहे, हातापायांत सांखळ्या आहेत, जोडलेले हात वर उचललेले आहेत, आणि सभोंवतीं शब्द आहेत : ‘मी मनुष्य नाहीं काय? मी आपला भाऊ नाहीं काय?’

वेजवूडनें हे बिल्ले विकले नाहींत, स्वखर्चानें वांटले. १७८८ सालीं कांहीं अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिन याच्याकडे धाडले. फ्रँकलिननें उलट कळविलें, कीं उत्तमांत उत्तम लेखी पत्रकानें जें साधेल तें या आकृतीनें साधण्याचा संभव आहे. चळवळीचा दुसरा पुढारी टॉमस क्लार्कसन यानें पुढें लिहून ठेविलें आहे, कीं गृहस्थ मंडळी हा बिल्ला सोन्यांत मढवून तपकिरीच्या डबीच्या झांकणावर बसवीत, स्त्रिया तो हातांतील कंकणांत आणि केसांतील आंकड्यांत घालीत. होतां होतां ती एक फॅशनच होऊन बसली. फॅशननें एकदां तरी चांगलें काम केलें, असें क्लार्कसनला वाटलें. मलाहि तें अमान्य नाहीं. ज्या स्त्रियांस पार्लमेंटांत मत देण्याचा अधिकार नव्हता त्यांनीं आपलें मत मनगटावर घालून मिरविलें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. परंतु सोन्याच्या कोंदणांत बसलेला तो सांखळदंडांचा मनुष्य डोळ्यांपुढें आणला, म्हणजे मन थोडें अडखळतें. गळपट्ट्यावरील ‘मी’ धन्यानें लिहिला होता. हा ‘मी’ हितचिंतकानें लिहिला आहे. दोहोंमध्यें जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें खरेंच. तथापि बिल्ल्यावरचा तो मनुष्य प्रश्न विचारतांना गुडघ्यावर आहे, आणि ज्याला विचारतो तो उभा आहे.

त्याच चळवळीनें १७८८-८९ च्या सुमारास ‘ब्रूक्स’ या लिव्हरपूलच्या जहाजाचा आराखडा छापून काढला. यांत करुणरस मुळींच नाहीं. पेटींत काड्या रचाव्या तशीं माणसें रचून दाखविलीं आहेत. पुरुषाच्या वांट्यास सहा फूट लांब व एक फूट चार इंच रुंद एवढीच जागा. नव्या कायद्यानें या जहाजास ४५४ माणसें नेण्याची परवानगी होती. त्यापूर्वींच्या एका सफरींत त्यानें ६०९ नेलीं होतीं. विल्बरफोर्सनें या जहाजाची लांकडी प्रतिकृति करवून पार्लमेंटांतील सभासदांस दाखविली. ती आज त्याच्या जन्मगांवीं, हल येथें आहे. गुडघे टेकलेल्या आकृतीपुढें डोळे पुसतां येतात. या आंकड्यांपुढें काय करावयाचें? १८०७ सालीं इंग्लंडनें हा व्यापार बंद केला आणि १८३३ च्या कायद्यानें वसाहतींतील गुलामगिरी संपविण्याचें ठरविलें. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटि पौंड मंजूर झाले ते मळेवाल्यांना. गुलामांना एक पैहि मिळाली नाहीं.

ती गुडघे टेकलेली आकृति मात्र गुलामगिरी संपली तरी उठली नाहीं. वॉशिंग्टन शहरांत १४ एप्रिल १८७६ रोजीं लिंकनच्या स्मारकाचें अनावरण झालें. शिल्पकार टॉमस बॉल. लिंकन उभा आहे, त्याचा एक हात पुढें पसरलेला आहे आणि त्या हाताखालीं एक काळा मनुष्य तुटलेल्या बेड्यांसह गुडघ्यावर आहे. या स्मारकाचा पैसा मुक्त झालेल्या गुलामांनीं दिला होता. पहिले पांच डॉलर शार्लट स्कॉट या बाईनें आपल्या कमाईंतून दिले. स्मारक कसें असावें हें ठरवितांना मात्र त्यांना कोणीं विचारलें नाहीं. अनावरणाचें भाषण फ्रेडरिक डग्लस यानें केलें. तो स्वतः पूर्वाश्रमींचा गुलाम. कांहीं दिवसांनीं त्यानें वर्तमानपत्रांत पत्र लिहून आपला असंतोष उघड केला : मरण्यापूर्वीं मला असें स्मारक पाहावयाचें आहे, कीं ज्यांत आमचा मनुष्य चतुष्पादासारखा ओणवा नसेल, दोन पायांवर उभा असेल. तसा पुतळा घडला नव्हता असें नाहीं. एडमोनिया लुईस या शिल्पकर्त्रीनें १८६७ सालींच संगमरवरांत एक जोडी घडविली होती. त्यांतील पुरुष उभा असून त्याच्या उंचावलेल्या मनगटावर तुटलेली सांखळी आहे. मात्र शेजारची स्त्री गुडघ्यावरच आहे. एका स्त्रीनें ती तशी कां घडविली असेल, याचा विचार वाचक भगिनींनीं अवश्य करावा. बॉलच्या स्मारकाची बोस्टन येथील प्रत २०२० सालीं लोकांच्या मागणीवरून हलविण्यांत आली. वॉशिंग्टनची मूळची जागच्या जागीं आहे.

गुलामास ताठ उभा दाखविणारें एक चित्र या सर्वांच्या पुष्कळ आधींचें आहे. स्पेनचा राजचित्रकार व्हेलास्केझ १६५० सालीं रोममध्यें असतांना त्यानें हुआन दे पारेहा याची तसबीर काढली. पारेहा हा व्हेलास्केझचा गुलाम. चित्रशाळेंत त्याचा मदतनीस. चित्रांत त्याच्या गळ्याशीं पांढऱ्या लेसची कॉलर आहे, हात छातीशीं आहे, आणि नजर अशी सरळ रोखलेली, कीं पाहणारानेंच क्षणभर खालीं पाहावें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत व्हेलास्केझनें त्याच्या मुक्ततेचा कागद केला. पण अट घातली, कीं आणखी चार वर्षें चाकरी करावी. नजर रंगविणें सोपें, सोडणें कठीण! पारेहा पुढें स्वतंत्र चित्रकार झाला. १६६१ सालीं त्यानें सेंट मॅथ्यूवरील मोठें चित्र काढलें, तें माद्रिदच्या प्राडो संग्रहालयांत आहे. त्यांत अगदीं कडेला एक मनुष्य उभा असून त्याच्या हातांत कागदाचा एक तुकडा आहे. तो मनुष्य स्वतः पारेहा, आणि कागदावर त्याची सही आहे.

हातांत कुंचला नसलेल्याहि एका गुलामानें आपली सही मागें ठेविली आहे. अमेरिकेच्या साऊथ कॅरोलायना संस्थानांत एजफील्ड भागांत मातीच्या भांड्यांचे मोठे कारखाने होते. तेथें डेव्ह नांवाचा एक गुलाम कुंभार चाकावर रांजण घडवीत असे. रांजण म्हणजे साधेसुधे नव्हेत. १८५९ सालच्या त्याच्या सर्वांत मोठ्या रांजणांत चाळीस गॅलन माल मावतो. मळ्यांवर मीठ लावलेलें मांस वर्षभर सांठविण्यासाठीं ते वापरीत. माती ओली असतांच डेव्ह टोंकदार काडीनें त्यावर तारीख घाली, आपलें नांव लिही आणि कधीं कधीं दोन यमकी ओळीहि लिही. १८३४ साली त्याच संस्थानानें गुलामास लिहिणें-वाचणें शिकविणें हा गुन्हा ठरविला. आणि त्याच वर्षापासूनच्या त्याच्या ओळी आज उपलब्ध आहेत. कायदा म्हणतो लिहूं नको, आणि हा लिहितो तें भट्टींत भाजून पक्कें करतो! १६ ऑगस्ट १८५७ रोजींच्या रांजणावर त्यानें, आपले सगेसोयरे सारे कोठें गेले असतील, असें विचारलें आहे. बाजारांत एका घरचीं माणसें चार धन्यांकडे जाणें हें तेथें नित्याचें होतें. या ओळींत कोणापुढें हात जोडलेले नाहींत. प्रश्न त्याचा त्यानेंच स्वतःस विचारला आहे. मुक्तीनंतर तो डेव्हिड ड्रेक या नांवानें नोंदला गेला. सही असलेले त्याचे शंभरांहून अधिक रांजण शिल्लक आहेत.

हिंदुस्थानचें नांव या वस्तूंत एके ठिकाणीं येतें, तें मोठ्या अभिमानानें. १८२० च्या पुढें इंग्लंडांत साखरेचीं अशीं भांडीं निघालीं, कीं ज्यांवर ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनीं न केलेली’ असें छापलेलें असे. वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घालणारीं कुटुंबें तीं चहाच्या मेजावर मांडीत. भांडें पाहणारास वाटावें, हिंदुस्थानांत गुलामगिरी नव्हतीच. पण खुद्द आपल्या महाराष्ट्रांत काय होतें? मलिकंबर हा हबशी लहानपणीं विकला गेलेला व अनेक हातांतून फिरत दख्खनेंत आलेला. त्याचें सुमारें १६२० चें चित्र लंडन येथें आहे. त्यांत तो पांढऱ्या तलम जाम्यांत रुबाबांत उभा आहे, दास्याचा मागमूसहि नाहीं. जहांगीर बादशहानें तर भाल्यावर टांगलेल्या मलिकंबरच्या मुंडक्यावर आपण बाण सोडीत आहों, असें चित्र काढवून घेतलें. प्रत्यक्षांत तें मुंडकें त्याच्या हातीं कधीं लागलें नाहीं. मलिकंबर १६२६ मध्यें आपल्या मरणानें मेला.

हा झाला निजामशाहीचा कारभार हातीं घेतलेल्या पुरुषाचा मान. पेशवाईंतील कुणबिणींचें चित्र कोणीं काढलें नाहीं. त्या आहेत दप्तरांतल्या नोंदींत : नांव, वय, किंमत, सरकारांतून मिळणारा शिधा आणि लुगडें. कोणी परमुलुखांतून आणून विकलेली, कोणी बदकर्माच्या आरोपावरून सरकारनें कुणबीण केलेली. त्या किल्ल्यांवर आणि कोठ्यांत दळीत-कांडीत, तशाच सरदार-सावकारांच्या व ब्राह्मण गृहस्थांच्या वाड्यांतहि राबत. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील मालकी हिंदुस्थानच्या न्यायालयांत अग्राह्य ठरली.

आमच्या आजीच्या तोंडीं ‘बटीक’ हा शब्द असे. एखादी मुलगी उलट बोलली, कीं ‘बटीक कुठली!’ म्हणून ती तोंड फिरवी. शब्दाचा अर्थ ‘आगाऊ मुलगी’ असावा अशीच आम्हां सर्व भावंडांची समजूत होती. पुढें पुष्कळ वर्षांनीं पेशवे दप्तरांतील छापील उतारे चाळतांना एके ठिकाणीं तो शब्द दिसला. त्याच्यापुढें वय लिहिलेलें होतें, आणि त्याच्यापुढें रुपये.