‘भांडवल’ वाचावं तर वर्ध्यात

कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड 1867 मध्ये हॅम्बुर्गहून प्रसिद्ध झाला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं बसून, सरकारी अहवालांचे गठ्ठे उपसून त्याने तो लिहिला. त्यातल्या यंत्रांवरच्या प्रकरणात अचानक आपल्याकडचा कापूस भेटतो. हिंदुस्थानात सरकी काढायच्या हातचरखीवर एक पुरुष आणि एक बाई मिळून दिवसाला 28 पौंड कापूस साफ करतात, असं मार्क्स सांगतो. डॉ. फोर्ब्स यांच्या नव्या चरखीवर एक माणूस आणि एक पोरगा 250 पौंड काढतात. आणि बैलांवर चालणाऱ्या अशा सोळा चरख्या पूर्वीच्या 750 माणसांचं काम एका दिवसात उरकतात.

या आकड्यांमागचे कष्ट समजून घ्यायचे तर वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट किंवा देवळीकडच्या शेतातलं एक फुटलेलं बोंड हातात घ्यावं. पांढरे तंतू सरकीला इतके घट्ट धरून असतात की एकेक बी नखाने सोडवताना बोटं दुखून येतात. आजही क्विंटलभर कापसातून रुई निघते ती साधारण 33 ते 35 किलो. बाकीचं वजन बहुतेक सरकीचंच. एवढी चिवट गाठ सोडवणारं यंत्र आलं, तेव्हा त्या साडेसातशेंतल्या उरलेल्या माणसांचं काय झालं? मार्क्सचं सगळं लेखन अशाच प्रश्नांनी भरलेलं आहे. यंत्राच्या कर्तबगारीचं त्याला मनापासून कौतुक आहे. पण वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला, हे विचारल्याशिवाय तो पुढे जात नाही.

आणखी एक योग पाहा. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच 1867 साली मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली होती. हिंदुस्थानातून ब्रिटनला गेलेल्या कापसाचे आकडे मार्क्सने दिले आहेत: 1846 मध्ये सुमारे साडेतीन कोटी पौंड, 1860 मध्ये 20 कोटींच्या वर आणि 1865 मध्ये 44 कोटींहून जास्त. हिंगणघाटचा कापूस तेव्हा व्यापाऱ्यांच्या जगात नावाजलेला होता. पुढे हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्याही उभ्या राहिल्या.

या ग्रंथाचा गाभाही सुताच्याच हिशेबात सापडतो. मार्क्स एक उदाहरण घेतो. 10 पौंड कापूस 10 शिलिंगांचा, चात्यांची झीज 2 शिलिंगांची, मजुराची दिवसाची मजुरी 3 शिलिंग. सहा तासांत 10 पौंड सूत निघालं आणि त्याचं मोल झालं 15 शिलिंग. जितके घातले तितकेच आले. मालकाला फायदा शून्य. मग फायदा येतो कुठून? मालकाने मजुराचा पूर्ण दिवस विकत घेतलेला असतो. तो बारा तास राबवतो. आता कापूस 20 शिलिंगांचा, झीज 4 शिलिंगांची, पण मजुरी तीच 3 शिलिंग. खर्च 27, सूत 30 शिलिंगांचं. कोणी कोणाला फसवलं नाही, सगळं बाजारभावाने झालं, आणि तरीही 3 शिलिंग वर आले. हेच मार्क्सचं वरकड मूल्य. मूल्य फक्त श्रमातूनच येतं का, यावर अर्थशास्त्रज्ञ दीडशे वर्षं भांडत आले आहेत आणि ते भांडण खरं आहे. पण कामाच्या दिवसाचे दोन भाग पडतात, एक आपल्या पोटासाठीचा आणि दुसरा दुसऱ्याच्या नफ्यासाठीचा, हे एकदा दिसलं की विसरता येत नाही.

हे वर्ध्याला जसंच्या तसं लावता येत नाही. इथला कास्तकार स्वतःच्या जमिनीचा मालक आहे आणि स्वतःच्याच शेतात राबणारा मजूरही. बी-बियाणं, खत, फवारणी तो बाजारभावाने घेतो आणि माल विकताना समोरून सांगितलेला भाव ऐकतो. त्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी मिळते किलोवर. अशा मजुरीवर ‘भांडवल’मध्ये वेगळं प्रकरणच आहे. नगावर किंवा वजनावर पैसे मिळाले की मुकादमाची गरजच कमी होते, मजूर आपणहून हात जलद चालवतो आणि दिवस लांबवतो, हे मार्क्सने तिथे उलगडून दाखवलं आहे. वेचणीच्या दिवसांत वर्ध्याच्या कुठल्याही शिवारात हे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळतं. संध्याकाळी काट्यावर तोललं जातं ते कापसाचं ओझं. वाकलेल्या पाठीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

राबणाऱ्याला मजुरी किती मिळावी, या प्रश्नाला वर्ध्याने स्वतःचं उत्तरही शोधलं होतं. 1934 मध्ये गांधीजी वर्ध्याला आले. पुढच्याच वर्षी खादीचं काम पाहणाऱ्या त्यांच्या चरखा संघाने ठरवलं की कातणाऱ्याची मजुरी बाजारात सूत काय भावाने जातं यावर ठरणार नाही. आठ तास नीट काम करणाऱ्याला पुरेसा आहार आणि वर्षाचं कापड मिळेल इतकी ती असली पाहिजे. खादी त्यामुळे महाग होणार हे उघड होतं, तरीही. विनोबांनी तर वर्ध्याजवळच्या नालवाडीत कताईच्या मजुरीवरच जगून पाहण्याचा प्रयोग केला. पुढे पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या कैदेत गांधीजींनी ‘भांडवल’ वाचलं. वर्ध्यात राहणाऱ्या किशोरलाल मशरूवालांनी ‘गांधी आणि मार्क्स’ हे पुस्तक लिहिलं, ते 1951 मध्ये विनोबांच्या प्रस्तावनेसह निघालं. दोन वाटांमधलं अंतर त्यांनी लपवलं नाही. मार्क्स मालकी बदलायला सांगतो, वर्ध्याच्या या माणसांनी मालकाचं आणि गिऱ्हाईकाचं मन बदलायला सांगितलं. पण राबणाऱ्याच्या पोटाचा हिशेब आधी मांडायचा, यावर दोन्हींचं एकमत होतं.

‘भांडवल’ला हात घालायची भीती वाटते ती बहुधा पहिल्या काही प्रकरणांमुळे. ती खरंच अवघड आहेत आणि मार्क्सलाही ते माहीत होतं. आपले मित्र कुगेलमान यांच्या पत्नीने सुरुवात कुठून करावी, हे त्याने 1867 च्या पत्रात सुचवलं आहे. त्यात ‘कामाचा दिवस’ हे प्रकरण आहे. तुम्हीही तिथूनच उघडा. दोघं-तिघं मिळून वाचा, पेन्सिल घेऊन हिशेब करत वाचा. पटेल तिथे मान डोलवा, पटणार नाही तिथे कडाडून भांडा. फक्त वाचून झाल्यावर आपल्या गावातल्या एका कामाचा, एका दिवसाचा हिशेब स्वतः मांडून पाहा: कोण किती तास राबलं, हातात किती आलं, आणि बाकीचं कुठे गेलं.