पंप बंद, तरी डीपी वीज का खाते? समजून घ्या ‘कोअर लॉस’

बोर्डीच्या चिकूवाड्यांमधले सगळे पंप बंद असले, तरी जवळची डीपी घूं-घूं करतच असते. कुणी वीज वापरत नसतानाही तिच्यातला ट्रान्सफॉर्मर थोडी वीज खातो. हाच ‘कोअर लॉस’.

वीज जाते कुठे?

ट्रान्सफॉर्मरमध्ये तारांच्या वेटोळ्यांच्या आत पोलादी पत्र्यांचा गाभा, म्हणजे कोअर असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे गाभ्यातल्या चुंबकत्वाची दिशा सेकंदाला ५० वेळा उलटून पुन्हा सुलट होते. यात दोन प्रकारे वीज उष्णता बनून जाते.

हिस्टेरेसिस : चुंबकत्वाच्या प्रत्येक फेरीला ठरावीक ऊर्जा लागते. फ्रिक्वेन्सी दुप्पट, तर नुकसानही दुप्पट.

एडी करंट : पोलादातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात. फ्रिक्वेन्सी दुप्पट, तर नुकसान चौपट! ते कमी व्हावं म्हणून गाभा अखंड न ठेवता पातळ, एकमेकांपासून विलग पत्र्यांचा करतात.

अंदाज कसा काढतात?

समजा, एका ट्रान्सफॉर्मरचा कोअर लॉस ५० हर्ट्झला १०० वॅट भरला. प्रयोगशाळेत २५ हर्ट्झला, व्होल्टेजही निम्मं करून (म्हणजे चुंबकत्वाची तीव्रता तीच राहते), तो ४२.५ वॅट आला. आता वॅटला हर्ट्झने भागा : एकदा २, एकदा १.७. फरक ०.३. तो २५ हर्ट्झच्या फरकाने भागला की ०.०१२.

म्हणजे ५० हर्ट्झला एडी करंटचे ०.०१२ × ५० × ५० = ३० वॅट, उरलेले ७० हिस्टेरेसिसचे. मग १०० हर्ट्झला? १४० अधिक १२०, म्हणजे २६० वॅट.

हा अंदाजच आहे. मोबाइल चार्जरमध्ये चुंबकत्व सेकंदाला हजारो-लाखो वेळा बदलतं. तिथे पोलाद फार तापेल, म्हणून फेराइट हा चिनीमातीसारखा पदार्थ वापरतात. त्याच्या नुकसानीसाठी उत्पादकांचे तक्ते आणि स्टाइनमेट्झ यांच्या नावाचं सूत्र वापरतात. त्यांनी १८९२ मध्ये हिस्टेरेसिसचा नियम मांडला होता.

आपल्याला काय त्याचं?

१०० वॅट किरकोळ वाटतात. पण डीपी वर्षाचे ८,७६० तास चालू राहिली, तर होतात ८७६ युनिट. पंप चालो न चालो. आणि वितरणातली अशी गळती शेवटी वीजदरातूनच भरून निघते. म्हणून ट्रान्सफॉर्मर घेताना नुसती किंमत नाही, त्याचा कोअर लॉसही बघायचा असतो.