होळीनंतरच्या भाजीसाठी जुन्या गोण्या अन् फुटके माठ

पावसाळ्यात सातपुड्यात भाजीला तोटा नसतो. टाकळा, कुर्डू बांधावरून खुडून आणले की कालवण झाले. होळी आटोपली की मात्र चित्र पालटते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर झरे आटतात, बाजाराची भाजी परवडत नाही आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे लेकराबाळांसह याच सुमारास परततात. तेव्हा परसबाग करायची ती या तीन-चार महिन्यांसाठी. शोभेच्या कुंड्या नंतर बघू.

तुम्ही म्हणाल, प्यायला पाणी नाही तिथे बाग कसली? प्रश्न रास्त आहे. पण तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी रोज अंगणात फेकले जातेच ना? तेवढ्यावर दोन-तीन गोण्यांतली पालेभाजी निघते. साबणाचे पाणी मात्र गोणीत ओतू नका. ते केळीच्या आळ्यात सोडा.

खताची रिकामी गोणी धुऊन घ्या. तोंड दुमडून गुडघाभर उंच ठेवा, तळाला भोके पाडा. निम्म्यापर्यंत वाळका पालापाचोळा, कडब्याचे तुकडे दाबून भरा. शहादा भागात उसाचे पाचट आहेच, पेटवता कशाला? मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर उसाची चिपाडे आणि थोडी माती पिशव्यांत भरून भाजीपाला घेतला होता. वरच्या थरात माती आणि कुजलेले शेणखत घाला. आपली काळी माती नुसती भरली तर घट्ट बसते, थोडी वाळू मिसळा. गोणी दोन विटांवर ठेवा. पाझरणारा जुना माठ फेकू नका. तो मातीत गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरला की भोवतालच्या मुळांना हळूहळू ओल मिळते. वरून जुन्या लुगड्याची सावली करा, नाहीतर एप्रिलच्या उन्हात रोपे करपतील.

आता कान देऊन ऐका. कापूस, मिरचीच्या फवारणीचे डबे घराघरांत साठलेले असतात, दिसायलाही मजबूत. त्यांत भाजी लावू नका, पाणी साठवू नका, पोरांच्या हाती देऊ नका. कितीही घासले तरी औषधाचा अंश राहतो. डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक, असे समजू नका. फवारणी झाली की डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्याला भोक पाडून तो निकामी करावा. रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही आहे.

लावायचे काय? लाल माठ, राजगिरा, चवळी. उन्हाला टिकतात आणि माठ महिनाभरात खुडायला येतो. सगळे बी एकदम टाकू नका. फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरा. मायाळूचा वेल काडीने लागतो, एकदा लागला की कुडावर आपला आपण चढतो.

घर चार महिने बंद राहणार असेल तर गोणीच्या नादी लागू नका. जमिनीत शेवगा लावा. पावसाच्या तोंडाला मनगटाएवढ्या जाडीची, हातभर-दोन हात लांब फांदी रोवली तरी फुटते. एकदा मुरला की कुणी पाणी घातले नाही तरी तग धरतो. शेंगा खातोच आपण, पण खरा ऐवज पाल्यात आहे. त्यात लोह असते. भाजीवर लिंबू पिळले की ते अंगी जास्त लागते. सुरणाचे कंदही असेच, उन्हाळाभर मातीत निजतात अन् पाऊस पडला की उठतात.

सरपंच आणि अंगणवाडीताईंनाही एक सांगणे. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांच्या ताटात पालेभाजी धरलेली आहे. मग अंगणवाडीच्या कुंपणाला चार शेवगे आणि हात धुण्याच्या जागेजवळ केळीचे एक आळे असायला काय हरकत? फांद्या गावातच मिळतील. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण तेवढी हवी, बोराटीचे काटे बांधा.