एकच छाप

नवरात्रात ठाण्यात टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे निघालं, की तेच तेच चेहरे फ्लेक्सवरून हात जोडून उभे. छापायचं ते हवं तितकं, ही आपली पक्की समजूत. एचिंग प्रेसही त्याचसाठी जन्मली. चित्रकारांनी मात्र तिला भलत्याच कामाला जुंपलं, आणि त्यात एका मुंबईकराचा हात होता.

एचिंगची मूळ कृती अशी: तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर, सुईनं रेषा, मग ॲसिड. खोलगट रेषांत शाई भरून वरची पुसायची, ओलसर कागद ठेवायचा, त्यावर जाड फेल्ट घालून रुळाखालून काढायचं. खरी गंमत पुसण्यात. रेम्ब्राँ एकाच पत्र्यावरून वेगवेगळ्या छापा काढी, त्या या पुसण्याच्याच जोरावर. जिनोव्हाच्या कास्तिल्योने या चित्रकारानं १६४०च्या दशकात कोरणंच सोडलं आणि पत्र्यावरच्या शाईत थेट चित्र काढलं. धड छाप एकच! हा मोनोटाइप. पुढे देगा दुसरी, फिकी छापही काढी आणि तीवर पेस्टल चढवी.

सुरुवातीला म्हटलेला मुंबईकर म्हणजे कायको मोती (जन्म १९२१). ते जेजे कलाशाळेतून लंडनच्या स्लेड कलाशाळेत गेले आणि तिथून पॅरिसला, मुद्राचित्रकार हेटरच्या ‘अतेलिए १७’ या कार्यशाळेत. तिथे मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी होते. पूर्वी प्रत्येक रंगाला सहसा वेगळा पत्रा लागे. या मंडळींनी सगळे रंग एकाच पत्र्यावर आणले. पत्रा कमीजास्त खोल कोरायचा. एक शाई जवसाच्या तेलानं पातळ, दुसरी घट्ट. कडक रूळ उंचवट्यांवरून फिरतो, मऊ रूळ खळग्यांत उतरतो, आणि पातळ शाई घट्ट शाईला जवळ येऊ देत नाही. हीच ‘व्हिस्कॉसिटी’ पद्धत. तेल जरा इकडेतिकडे झालं की पुढची छाप निराळी. अशा पत्र्यावरून वीस हुबेहूब छापा काढायच्या म्हणजे सर्कसच. चार निराळ्या निघाल्या तर बिघडलं कुठे?

इकडे मुंबईतही छापण्याचे प्रयोग झाले. १९६९मध्ये चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ काढलं. चित्रकारांनी कॅमेरा, फिल्म, एचिंग हाताळून पाहावं, हा हेतू. तरुण नलिनी मालानींनी तिथे फिल्म केल्या, कॅमेऱ्याविना फोटो केले. १९७२च्या सुमारास ते बंद पडलं. तीन वर्षं फारच थोडी.

मुद्राचित्राखाली पेन्सिलीनं १/२०, म्हणजे विसांतली पहिली, असं लिहितात, मोनोटाइपखाली १/१. तरी ‘प्रिंटच ना?’ म्हणत घासाघीस होते. मोती १९८९मध्ये पॅरिसला वारले. व्हिस्कॉसिटीचं नाव निघालं की आपल्याकडे रेड्डी आठवतात, ते योग्यच. निदान जेजेच्या प्रिंटमेकिंगच्या वर्गात तरी त्यांच्या जोडीनं मोतींचं नाव घेतलं जावं.