त्याग, सेवा व प्रीती : ख्रिस्ती सेवाविचार आणि शहापूर-मुरबाडचे पाडे

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मजीवनाचे वर्णन करताना त्याग, सेवा आणि प्रीती हे तीन शब्द बहुधा एका दमात उच्चारले जातात. प्रवचनांत, संस्थांच्या वार्षिक अहवालांत आणि श्रद्धांजलीपर लेखांत ते इतक्या वेळा येतात की त्यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात त्या संबंधाचा विचार केला आहे. त्यासाठी दोन प्रदेश समोर ठेवले आहेत. पहिला, ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके. दुसरा, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड. जामखेडला एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० पासून जे कार्य केले त्यात या तीन शब्दांचा अर्थ प्रत्यक्ष व्यवहारात तपासून पाहता येतो. शहापूर-मुरबाडमध्ये ख्रिस्ती वस्ती तुरळक आहे. परंतु महाविद्यालयांची सेवाशिबिरे तेथील पाड्यांवर भरतात, आणि सेवा म्हणजे काय हा प्रश्न तेथे दरवर्षी नव्याने उभा राहतो.

संकल्पनेचा विचार

नव्या करारात प्रेमासाठी जो 'अगापे' हा ग्रीक शब्द येतो त्यासाठी मराठी बायबलने 'प्रीती' हा शब्द रूढ केला. ही प्रीती भावनेपेक्षा कृतीच्या अंगाने समजून घ्यावी लागते. शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर म्हणजे चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. तीत जखमी वाटसरूविषयी शोमरोन्याला कळवळा आला एवढ्यावर ती थांबत नाही. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले व पुढच्या खर्चाची हमी घेतली, असा तपशील येतो. सेवेसाठीचा 'डायकोनिया' हा शब्द मुळात पंक्तीत वाढण्याशी निगडित आहे. म्हणजे सेवक तो, जो स्वतः न बसता इतरांना वाढतो.

त्यागाचा विचार पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात सर्वांत स्पष्टपणे आला आहे. ख्रिस्ताने देवासमान असण्याचा हक्क धरून न ठेवता स्वतःला रिक्त केले व दासाचे रूप घेतले, असे तेथे प्रतिपादन आहे. धर्मशास्त्रात यालाच 'केनोसिस' म्हणतात. येथे ज्याचा त्याग झाला तो सुखसोयींचा नव्हे, दर्जाचा आणि अधिकाराचा होता. मराठी वाचकाच्या मनात त्याग म्हटले की घरदार सोडणारा, भाकरी-चटणीवर राहणारा कार्यकर्ता उभा राहतो. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. कष्टाचे जीवन स्वीकारूनही स्वतःचे मोठेपण जसेच्या तसे राखता येते. किंबहुना कष्टामुळे ते वाढवताही येते.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्या प्रसंगी पेत्र संकोचून नकार देतो. हा नकार फार मानवी आहे. गुरू आपल्या पायाशी बसला की शिष्याचीही जागा बदलते, आणि ती बदललेली जागा पेत्राला पेलवत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृष्टांतात तर भुकेल्यांना अन्न देणाऱ्या नीतिमानांना आपण कोणाची सेवा केली हे ठाऊकच नसते. ते आश्चर्याने विचारतात. सेवेच्या ठिकाणी आधी फलक आणि छायाचित्रकार पोचण्याच्या आजच्या रीतीशी हा दृष्टांत जुळवणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

या विचाराची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून निराधार मुली केडगावला आणल्या. तेथे त्यांना केवळ आश्रय मिळाला नाही. शेती आणि छपाई यांसारखी कामे त्यांच्या हाती आली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची वेतनी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला, त्यामागेही मिशनरी संस्थेचा पगारी सेवक आणि लोकांचा सेवक यांतील अंतर त्यांना खुपत होते. अविभाजित ठाणे जिल्ह्यात येशूसंघीय धर्मगुरूंनी तलासरीच्या ज्ञानमाता सदनातून वारली मुलांच्या शिक्षणाचे काम केले. तलासरी २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

या परंपरेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. सेवा हे धर्मांतराचे साधन आहे, असा तो आक्षेप होय. काही ठिकाणी त्याला इतिहासात आधारही सापडतो. परंतु सेवेच्या बदल्यात काहीही अपेक्षिले, मग ती कृतज्ञता असो, मत असो वा धर्म असो, की ती वर सांगितलेल्या अर्थाने सेवा उरत नाही. हा निकष ख्रिस्ती ग्रंथांतूनच निघतो व तो सर्वच सेवासंस्थांना लागू पडतो.

जामखेडचा अनुभव

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. १९६० मध्ये विवाह करताना आपले आयुष्य ग्रामीण गरिबांसाठी द्यायचे, असा संकल्प त्यांनी केला होता. वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केल्यावर त्यांच्या लक्षात आले की बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजारांनी पुन्हा येतात, कारण आजाराचे मूळ पाण्यात, अन्नात आणि दारिद्र्यात आहे. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आरंभ एका वापरात नसलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जागेत झाला.

येथपर्यंतची कथा त्यागाच्या परिचित चौकटीत बसते. परदेशातील संधी सोडून दुष्काळी तालुक्यात आलेले डॉक्टर अन्यत्रही आढळतात. जामखेडचे वेगळेपण पुढच्या टप्प्यात आहे. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगाव ठेवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. बाहेरून आलेल्या परिचारिकेला गाव परके होते आणि गावाला ती परकी होती. त्यानंतर गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. या स्त्रिया बहुतांश निरक्षर, अनेक जणी दलित, काही परित्यक्ता वा विधवा होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत, आणि गावी जाऊन बाळंतपणे, बालकांचे वजन, लसीकरण, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, क्षयरोग व कुष्ठरोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा ही कामे करीत. मूल कधी जन्मावे व ते का मरते, हे ज्ञान जे आजवर डॉक्टरांच्या हाती होते ते अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांच्या हाती आले.

वैद्यकीय व्यवसायाची प्रतिष्ठा ज्ञानाच्या मक्तेदारीवर उभी असते. ती मक्तेदारी सोडणे हा आरोळे दांपत्याचा खरा त्याग होय. पगार आणि शहर सोडणे त्यामानाने सोपे होते. पौलाच्या पत्रातील 'रिक्त होणे' या कल्पनेचे इतके नेमके सामाजिक भाषांतर क्वचितच पाहावयास मिळते. संस्थेच्या नोंदीनुसार प्रकल्पक्षेत्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजारी १७६ होते, ते १९७६ मध्ये ५२ वर आले. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे १९९९ मध्ये, तर रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तले.

प्रीतीचा प्रश्न येथे जातीच्या रूपाने उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळात चाललेल्या अन्नछत्रांत सर्व जातींची मुले एका पंक्तीत बसू लागली. पिण्याच्या पाण्यासाठी विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला गेला, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांनाच तेथे यावे लागे. उपदेशाने जे साधले नसते ते हातपंपाच्या जागेने साधले. विहिरीला पाणी लागते की नाही हे भूगर्भ ठरवतो, परंतु कोणत्या जागी शोधायचे हे माणूस ठरवतो.

शहापूर-मुरबाडच्या संदर्भात

आता पहिल्या प्रदेशाकडे वळता येईल. शहापूर तालुक्यात तानसा (१८९२) आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आहेत. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या विखुरल्या आहेत. पावसाळ्यात रस्ता तुटला की रुग्णाला झोळीतून न्यावे लागते. त्यागाचा अर्थ या भूमीला नवा नाही. भाई कोटवाल आणि हिराजी पाटील यांनी २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. त्याआधी कोटवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या व शाळा चालवल्या होत्या, याची आठवण मात्र कमी काढली जाते.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' या तिच्या बोधवाक्याचा आशय वर आलेल्या ख्रिस्ती सेवाविचारापासून दूर नाही. सात दिवसांच्या विशेष शिबिरात विद्यार्थी ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात, ग्रामसफाई करतात, पथनाट्य सादर करतात. विद्यार्थ्यांचे कष्ट प्रामाणिक असतात. तथापि बंधारा कोठे घालावा हे कोणी ठरवले, पाड्यातील बायांना त्याबद्दल विचारले होते काय, आणि पुढील वर्षी गोण्या फाटल्यावर तो पुन्हा बांधण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न अहवालात क्वचित नोंदले जातात. जामखेडच्या परिचारिकांचा अनुभव येथे लागू पडतो : बाहेरून नेमलेली सेवा बाहेरचीच राहते.

जामखेडचे प्रतिमान जसेच्या तसे येथे आणता येणार नाही, हेही तितकेच खरे. गावाने आपली आरोग्यसेविका निवडायची तर गाव जागेवर असावे लागते. ठाणे जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे भातकापणीनंतर उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा झाला, तरी उचलीची साखळी पूर्णतः तुटलेली नाही. वर्षातील निम्मा काळ वाडी रिकामी राहते आणि तिच्या नावावर नोंदलेल्या सेवा, अंगणवाडी असो वा शाळा, रिकाम्या घरांना पुरवल्या जातात. या अडचणीवरचा एक चांगला उपाय याच पट्ट्यात विधायक संसद या संस्थेने शोधला. त्यास ख्रिस्ती प्रेरणेची पार्श्वभूमी नाही, पण शोमरोन्याच्या गोष्टीशी त्याचे नाते जवळचे आहे. भट्टीवरील तात्पुरत्या झोपडीला 'भोंगा' म्हणतात. मजुरांच्या मुलांसाठी भट्टीवरच चालवल्या गेलेल्या शाळांना 'भोंगाशाळा' हे नाव पडले. मुलांनी शाळेपर्यंत यावे असा आग्रह न धरता शाळाच त्यांच्यामागे गेली.

महाविद्यालयीन वेळापत्रकाकडे या दृष्टीने पाहिल्यास एक विसंगती ध्यानात येते. प्रथम सत्राची परीक्षा संपल्यावर, बहुधा डिसेंबर-जानेवारीत, विशेष शिबिरे भरतात. त्या दिवसांत कातकरी वाडीवर मुख्यतः म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली काही मुले असतात. शिबिरार्थींनी झाडलेल्या अंगणांचे धनी तेव्हा भट्टीवर चिखल तुडवीत असतात. शिबिर भट्टीलगत घ्यावे, की जूनमध्ये माणसे परतल्यावर लावणीच्या आधी घ्यावे, याचा निर्णय विद्यापीठाच्या परिपत्रकावर सोडून चालणार नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याने दिवाळीपूर्वी एकदा वाडीवर जाऊन तेथील बायांपाशी बसणे त्यासाठी आवश्यक आहे.